सात घरे, दोन डिस्क: ठाण्यातील एका घरगुती डीव्हीडी-निर्मितीचे प्रकरण

परिस्थिती

ठाण्यात नौपाड्यात राहणाऱ्या एका कुटुंबातील आजोबांचे सहस्रचंद्रदर्शन थाटात पार पडले आणि त्या सोहळ्याचे चित्रीकरण नातेवाइकांच्या सात घरी पोहोचवण्याचे ठरले. ही घरे देवरुख, लांजा आणि राजापूर या बाजूची. तिथली मंडळी सत्तरीच्या पुढची असून मोबाईलच्या पडद्यावर दीड तासाचा कार्यक्रम पाहण्याची त्यांची तयारी नव्हती. टीव्हीशेजारी चालू स्थितीतला डीव्हीडी प्लेयर मात्र प्रत्येक घरी होता. आज डीव्हीडी काढणे अनेकांना जुनाट वाटेल, परंतु ज्याला वस्तू द्यायची त्याच्या हाताला कोणता रिमोट सवयीचा आहे, हे पाहून घेतलेला निर्णय मला तरी योग्यच वाटतो. शेजारी या नात्याने, आणि घरातील संगणकाला अजून डीव्हीडी रायटर आहे एवढ्याच पात्रतेवर, हे काम माझ्याकडे आले.

त्याआधी नातवाने एक डिस्क करून पाहिली होती. कोरी डिस्क टाकल्यावर विंडोजने ती यूएसबी ड्राइव्हसारखी वापरायची की सीडी-डीव्हीडी प्लेयरसाठी, असे विचारले. नातवाने पहिला पर्याय निवडला आणि एमपी४ फाइली ओढून आत टाकल्या. ती डिस्क संगणकावर व्यवस्थित उघडत होती, पण प्लेयरमध्ये घातल्यावर थोडा वेळ गुरगुर होऊन ‘बॅड डिस्क’ अशी पाटी येत होती. यात दोन स्वतंत्र दोष होते. पहिला असा की, यूएसबीसारख्या वापराच्या पर्यायात डिस्कवर जी फाइल-व्यवस्था तयार होते, ती दिवाणखान्यातले प्लेयर सहसा वाचतच नाहीत. दुसरा दोष अधिक मूलभूत आहे. डीव्हीडी-व्हिडिओ हे स्वरूप १९९६ साली जपानमध्ये बाजारात आले आणि ते एमपीईजी-२ या पद्धतीवर उभे आहे. मोबाईल आणि आजचे कॅमेरे ज्या एच.२६४ पद्धतीने चित्र आवळतात, तिचे मानक २००३ सालचे. साध्या डीव्हीडी प्लेयरमधील चिपला ही नंतरची भाषा कधी शिकवलेलीच नसते. म्हणून नातवाने दुसरा पर्याय निवडला असता तरी फाइलींची नावे दिसली असती, चित्र दिसले नसते.

पेन ड्राइव्ह लावून पाहावा, अशीही सूचना आली. देवरुखच्या प्लेयरला यूएसबीचे तोंड होते, आणि तिथे तसे करून पाहिलेही. परंतु अशा प्लेयरची मजल बहुधा डिव्हएक्स किंवा एक्सव्हिड पद्धतीच्या एव्हीआय फाइली, एमपी३ गाणी आणि छायाचित्रे यांच्यापुढे जात नाही. एमपी४ फाइलीचे नाव यादीत आले आणि पडदा काळाच राहिला.

हाती आलेले साहित्य

रूपांतर सुरू करण्यापूर्वी प्रत्येक फाइल मीडियाइन्फो या मोफत प्रोग्रामातून पाहून घेतली. या पायरीला फार थोडा वेळ लागतो, आणि पुढचे जवळजवळ सर्व निर्णय तिच्यातूनच निघतात. साहित्य चार प्रकारचे होते. भाड्याने बोलावलेल्या छायाचित्रकाराने जुळवून दिलेली मुख्य फिल्म ९६ मिनिटांची, १९२० बाय १०८० पिक्सेलची, सेकंदाला २५ फ्रेमची आणि जवळपास ६ जीबीची होती. नातवंडांनी मोबाईलवर घेतलेल्या तुकड्यांची बेरीज ३८ मिनिटे भरत होती; त्यांचा वेग नावापुरता ३० फ्रेमचा असला तरी प्रत्यक्षात तो प्रकाशानुसार कमी-अधिक होत होता, काही तुकडे उभे होते, आणि एका मोबाईलचे सगळेच तुकडे एच.२६४ नंतर आलेल्या एचईव्हीसी पद्धतीचे होते. व्हॉट्सॲपवरून फिरून आलेले ११ मिनिटांचे तुकडे आधीच इतके आवळलेले होते की त्यांतील चेहऱ्यांच्या कडा चौकोनी दिसत होत्या. चौथी वस्तू अनपेक्षित निघाली. आजोबांच्या षष्ट्यब्दीपूर्तीची, म्हणजे एकवीस वर्षांपूर्वीची, ३४ मिनिटांची व्हीसीडी, म्हणजे व्हिडिओ सीडी, कपाटात सापडली, आणि तीही नव्या डिस्कवर यावी अशी आजींची इच्छा होती.

थोरल्या चिरंजीवांचा पहिला प्रश्न जागेविषयी होता. “अहो, फिल्मच सहा जीबीची आणि डिस्क साडेचारची. मग कार्यक्रमातलं काही कापावं लागणार का?” नातवाची शंका नेमकी उलट होती. व्हॉट्सॲपचे तुकडे सगळे मिळून शंभर एमबीही भरत नव्हते, तेव्हा ते डिस्कच्या एखाद्या कोपऱ्यात मावतील, असे त्याचे म्हणणे होते.

दोघांच्याही मनात मूळ फाइलीचा आकार होता, आणि डीव्हीडीच्या हिशेबात त्या आकाराला काही स्थान नाही. रूपांतर करताना जुनी फाइल पूर्ण उलगडली जाते, सुटी चित्रे तयार होतात आणि ती एमपीईजी-२ मध्ये नव्याने आवळली जातात. नव्या फाइलीचा आकार केवळ दोन गोष्टींवर ठरतो, मिनिटे किती आणि दर सेकंदाला किती बिट खर्च करायचे. एमपीईजी-२ ही खर्चिक पद्धत आहे. तिच्यात पूर्ण चित्र फार जवळजवळ द्यावे लागते, कारण डीव्हीडीच्या नियमाप्रमाणे पाल आणि एनटीएससी या टीव्हीच्या दोन पद्धतींपैकी पालमध्ये जास्तीत जास्त १५ फ्रेमनंतर आणि एनटीएससीमध्ये १८ फ्रेमनंतर पूर्ण चित्र असलेला फ्रेमचा नवा गट सुरू व्हावा लागतो, एच.२६४ च्या फाइलीत मात्र दोन पूर्ण चित्रांमध्ये अडीचशे फ्रेमसुद्धा असू शकतात. म्हणून व्हॉट्सॲपचा चिमुकला तुकडा डीव्हीडीवर कित्येक पट फुगतो आणि एका कणानेही सुधारत नाही, तर सहा जीबीची फिल्म ७२० बाय ५७६ पिक्सेलच्या चौकटीत आल्यावर काहीही न कापता डिस्कवर बसते.

जागेचा आकडाही नीट समजून घ्यावा लागतो. डिस्कच्या डब्यावर ४.७ जीबी छापलेले असते, विंडोज त्याच डिस्कला ४.३७ जीबी म्हणते, आणि दुकानदाराने फसवले असा ग्रह होतो. दोन्ही आकडे बरोबर आहेत. एक दशमान पद्धतीचा आणि दुसरा १०२४ च्या पटीचा. बिटरेटचा, म्हणजे दर सेकंदाला खर्च होणाऱ्या बिटांचा, हिशेब दशमान पद्धतीचा असल्याने तो ४.७ धरूनच करावा आणि बांधणीच्या वाढीव खर्चासाठी चारपाच टक्के बाजूला ठेवावे.

पाल की एनटीएससी

या प्रकरणातील खरा पेच इथे होता.

भारतातले प्रक्षेपण पाल पद्धतीचे, सेकंदाला २५ फ्रेमचे, म्हणून डीव्हीडीही पालच करावी, असे साधारणतः सांगितले जाते. मुख्य फिल्म २५ फ्रेमची आणि व्हीसीडीही २५ फ्रेमची. तिथपर्यंत हा सल्ला निर्दोष होता. मोबाईलचे तुकडे मात्र ३० फ्रेमचे. ते २५ वर आणायचे तर दर सहा फ्रेममागे एक टाकून द्यावी लागते. स्थिर बसलेल्या माणसाच्या चित्रात हे कोणाच्या लक्षातही येणार नाही, परंतु याच तुकड्यांमध्ये औक्षणाचा प्रसंग होता. पालमध्ये रूपांतर केलेला नमुना मोठ्या पडद्यावर लावला, तेव्हा तबकातल्या ज्योती गोल फिरताना सेकंदाला पाचदा किंचित पुढे उडी घेत होत्या. एकदा ते दिसले की नजर आजोबांच्या चेहऱ्यावर राहतच नाही, तबकाच्या मागे धावते. एनटीएससीचा वेग २९.९७ फ्रेमचा असल्याने ३० वरून तिथे येताना हजारात एखादीच फ्रेम गळते. तोच प्रसंग त्या नमुन्यात सलग वाहत होता.

दोन्ही पद्धती एकाच डिस्कवर सुखाने नांदत नाहीत. म्हणून दोन डिस्क करण्याचे ठरवले: पहिली पालची, तिच्यावर मुख्य फिल्म आणि व्हीसीडी, दुसरी एनटीएससीची, तिच्यावर मोबाईलचे आणि व्हॉट्सॲपचे तुकडे. चिरंजीवांना हा दुप्पट खर्च वाटला. पण चारही साहित्यांची बेरीज १७९ मिनिटे होते, आणि ती एका डिस्कवर कोंबली असती तर सेकंदाला जेमतेम साडेतीन मेगाबिट वाट्याला आले असते. एवढ्यात फुलांच्या माळा, जरीचे काठ आणि हलणारी गर्दी धड दिसत नाही. एनटीएससी डिस्क भारतातल्या टीव्हीवर चालत नाही, ही धास्ती आता बरीचशी निराधार आहे. सपाट पडद्याचे टीव्ही दोन्ही पद्धती घेतात आणि इथे विकले गेलेले बहुतेक प्लेयरही घेतात. अपवाद जुन्या डबा टीव्हीचा, आणि त्याचा अनुभव पुढे आलाच.

रूपांतर

मोफत मिळणाऱ्या साध्या प्रोग्रामांपैकी डीव्हीडी फ्लिक हा एकेकाळी अनेकांच्या वापरातला होता, परंतु त्याची वाढ २००९ मध्ये थांबली आणि एचईव्हीसीचे मानक २०१३ मध्ये आले, तेव्हा एका मोबाईलच्या फाइली त्याला कळण्याचा प्रश्नच नव्हता. हँडब्रेकचे नाव अनेकजण सुचवतात. तो डीव्हीडीवरून एमपी४ कडे नेणारा आहे, उलट दिशेचा नाही. त्यामुळे रूपांतर एफएफएमपेगने, मेन्यू आणि बांधणी डीव्हीडीस्टायलरने आणि डिस्क लिहिण्याचे काम इमेजबर्नने, अशी विभागणी केली. एफएफएमपेगमध्ये पाल डीव्हीडी आणि एनटीएससी डीव्हीडी अशी तयार लक्ष्ये आहेत. त्यांतले एक निवडले की चित्राचा आकार, फ्रेमचा वेग, गटाची लांबी, आवाजाची ४८ किलोहर्ट्झची नमुनागती हे सारे नियमात बसवले जाते. मात्र बिटरेट आपला आपण ठरवावा. तयार लक्ष्यातील ६ मेगाबिट हा आकडा आपल्या कार्यक्रमाची लांबी जाणत नाही.

पहिल्या डिस्कचा हिशेब असा झाला. व्हीसीडीचा भाग सुमारे ३५० एमबी घेणार होता. उरलेल्या जागेत राखीव भाग सोडून ९६ मिनिटे बसवायची, तर चित्र आणि आवाज मिळून साडेपाच मेगाबिटच्या थोडे वर जाता येत होते. म्हणून चित्राला ५.४ मेगाबिट आणि आवाजाला २२४ किलोबिट दिले. बिटरेट सरासरीने ठेवून दोन फेऱ्यांचे रूपांतर केले, म्हणजे पहिल्या फेरीत प्रोग्राम नुसता अंदाज घेतो आणि दुसऱ्या फेरीत शांत प्रसंगांतून वाचवलेले बिट गर्दीच्या प्रसंगांवर खर्च करतो. भटजींच्या मंत्रपठणाचा लांबलचक स्थिर भाग आणि त्यानंतर अक्षता टाकायला एकदम उठलेली मंडळी, अशा फिल्मला ही दुसरी फेरी फारच मानवते. आवाज दोन्ही डिस्कवर एसी-३ पद्धतीचा ठेवला, कारण नुसता एमपी२ आवाज पालच्या डिस्कवर चालत असला तरी एनटीएससीच्या नियमात तो एकटा पुरत नाही.

व्हीसीडीला चित्रापुरते हातच लावले नाही, आणि या प्रकरणातला मला सर्वांत समाधान देणारा भाग तोच. व्हीसीडीवर ‘एमपीईजीएव्ही’ या फोल्डरात डॅट प्रकारची फाइल असते आणि तिच्यात ३५२ बाय २८८ पिक्सेलचे एमपीईजी-१ चित्र असते. डीव्हीडीच्या नियमांनी हे स्वरूपही मान्य केलेले आहे, त्यामुळे चित्र पुन्हा आवळून आणखी खराब करण्याची गरज नसते. अडचण फक्त आवाजाची, कारण व्हीसीडीचा आवाज ४४.१ किलोहर्ट्झचा आणि डीव्हीडीला ४८ लागतो. चित्र जसेच्या तसे उचलले आणि आवाज तेवढा बदलला. फिल्म १६:९ ची आणि व्हीसीडी ४:३ ची असल्यामुळे दोन्ही वेगवेगळ्या टायटलसेटमध्ये, म्हणजे डिस्कवरील फाइलींच्या स्वतंत्र संचांमध्ये, ठेवावी लागली; एका टायटलसेटमधल्या सर्व चित्रांचे प्रमाण आणि आकार एकच असावे लागतात. मूळ व्हीसीडी ओरखड्यांनी भरलेली असल्यामुळे जेवणाच्या पंगतीत दोनतीन ठिकाणी चित्र फुटते, ते तसेच राहू दिले.

दुसऱ्या डिस्कवर जागेची चणचण नव्हती. ४९ मिनिटांना डीव्हीडीची ९.८ मेगाबिटची कमाल मर्यादाही परवडली असती, पण घरी लिहिलेली डिस्क जुन्या प्लेयरवर त्या मर्यादेजवळ अडखळते, म्हणून ७ मेगाबिटवर थांबलो. मोबाईलच्या फाइलींचा वेग कमी-अधिक असताना प्रोग्रामने प्रत्येक फ्रेमची वेळ न पाहता नुसत्या फ्रेम मोजल्या तर आवाज हळूहळू मागे किंवा पुढे सरकतो; थोरल्या सुनबाईंच्या भाषणाचा चौदा मिनिटांचा तुकडा त्यासाठी शेवटपर्यंत ओठांकडे पाहून तपासला. एफएफएमपेग वेळा पाहतो, आणि भाषण जुळलेले होते.

उभ्या तुकड्यांचे मात्र काही भले करता आले नाही. १०८० बाय १९२० पिक्सेलचे उभे चित्र एनटीएससीच्या १६:९ चौकटीत पूर्ण बसवले की ते २२८ बाय ४८० पिक्सेलचे उरते, म्हणजे मूळच्या सुमारे एकोणिसाव्या भागाएवढे. बाजूच्या रिकाम्या जागेत त्याच चित्राची धूसर प्रत पसरवण्याची हल्लीची पद्धत आहे. मला ती डोळ्यांना त्रासदायक वाटते, शिवाय ती हलती धूसर प्रत बिट खाते. काळ्या पट्ट्यांना जवळजवळ काहीच लागत नाही. काळे पट्टेच ठेवले.

मेन्यूवरील देवनागरी अक्षरांत जोडाक्षरे फुटू नयेत म्हणून ‘मुख्य सोहळा’, ‘षष्ट्यब्दीपूर्ती’ ही नावे लिबरऑफिसमध्ये लिहून त्याचे चित्र केले आणि ते पार्श्वभूमी म्हणून लावले; बटणे त्यावर नुसत्या चौकटींची. डबा टीव्ही कडेचा भाग झाकतो, तेव्हा मजकूर चारही बाजूंनी आत घेतला.

डिस्क लिहिणे

तयार झालेला फोल्डर आधी संगणकावरच व्हीएलसी या प्रोग्रामात चालवून पाहिला, मग एका पुनर्लेखनाच्या डिस्कवर उतरवून घरच्या प्लेयरमध्ये रिमोटने सर्व बटणे दाबून पाहिली. त्यानंतरच स्टेशनजवळच्या दुकानातून आणलेल्या, एकदाच लिहिता येणाऱ्या डीव्हीडी-आर डिस्क वापरायला घेतल्या. जुन्या प्लेयरांना डीव्हीडी-आर सहसा अधिक मानवते. डिस्क १६ पट वेगाच्या असल्या तरी त्या ८ पटीने लिहिल्या, प्रत्येक डिस्क बंद करून (म्हणजे तिच्यावरील लेखन पूर्ण झाल्याची नोंद करून) घेतली आणि इमेजबर्नकडून पडताळून घेतली. पहिल्या डिस्कवर मुख्य फिल्म आधी आणि व्हीसीडी शेवटी ठेवली होती. डिस्क आतून बाहेर वाचली जाते आणि बाहेरची कड हा तिचा सर्वांत कच्चा भाग असतो. तिथे कमी बिटरेटचे साहित्य असलेले बरे.

कागदी लेबले चिकटवली नाहीत. ती एका बाजूला जरा जड झाली की डिस्क फिरताना थरथरते. कोकणातल्या दमट हवेत लेबलाच्या कडा सुटतात, तो त्रास वेगळाच. सीडीच्या मार्करने नावे लिहून सगळे संच प्लॅस्टिकच्या डब्यांत घातले आणि गणपतीला गावी निघालेल्या मंडळींबरोबर पाठवले.

काय झाले

सातपैकी चार घरी दोन्ही डिस्क घातल्याबरोबर चालल्या. देवरुखहून फोन आला तो चित्राविषयी: “सगळी माणसं उंच आणि बारीक दिसतायत, आजोबासुद्धा!” तिथला टीव्ही जुन्या ४:३ आकाराचा होता आणि प्लेयरच्या सेटअपमध्ये १६:९ निवडलेले होते. ते बदलून ४:३ लेटरबॉक्स केल्यावर वर-खाली काळे पट्टे आले आणि माणसे मूळ बांध्यावर आली. लांज्याला पहिली डिस्क उत्तम चालली, दुसरीचे चित्र मात्र कृष्णधवल होऊन वर सरकत होते. डबा टीव्हीच्या गळी एनटीएससी उतरत नव्हते. तिथल्या प्लेयरमध्ये टीव्ही पद्धतीचा पर्याय ‘ऑटो’ होता, तो ‘पाल’ केल्यावर प्लेयर स्वतः रूपांतर करून देऊ लागला. फोनवरून रिमोटची बटणे सांगणे हा या दोन्ही घरांतला सर्वांत वेळखाऊ भाग होता.

राजापूरचे घर राहिले. तिथल्या बऱ्याच जुन्या प्लेयरने दोन्ही डिस्क नाकारल्या. त्यांच्यासाठी डीव्हीडी+आर या दुसऱ्या प्रकारच्या डिस्क घेतल्या, कारण त्यांवर लिहिताना रायटरने साथ दिल्यास डिस्कचा प्रकार डीव्हीडी-रॉम असा नोंदवता येतो आणि प्लेयर तिला कारखान्यात छापलेली डिस्क समजतो. लिहिण्याचा वेगही ४ पटीवर आणला. या वेळी दुसरी डिस्क बिनतक्रार चालली. पहिली सुरू झाली, परंतु शेवटाकडे, नेमक्या व्हीसीडीच्या भागात, थांबत थांबत पुढे जात होती. कमी बिटरेटसुद्धा त्या प्लेयरला बाहेरच्या कडेवर पुरेसा नव्हता. तेव्हा मुख्य फिल्मचे चित्र ४.६ मेगाबिटवर पुन्हा रूपांतरित केले, त्यामुळे सगळे साहित्य सुमारे ४ जीबीत आटोपले आणि कडेचा पट्टा कोराच राहिला. फरक शोधायचा म्हटला तर अक्षतांच्या प्रसंगात तो सापडतो. ती डिस्क राजापूरला आता शेवटपर्यंत चालते.

मूळ फाइली आणि व्हीसीडीची प्रत चिरंजीवांच्या हार्ड डिस्कवर वेगळी ठेवून दिली आहे. पुढे कोणाला प्रत हवी झाली तर ती या डीव्हीडीवरून काढू नये, त्या फाइलींवरूनच काढावी, असे डब्यात चिठ्ठीवर लिहिले आहे.